खालच्या कप्प्यातलं पाणी

दादाच्या बाराव्याला घरात एवढी माणसं होती की पाण्याचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतवाडीचे चुलतभाऊ शेवटची पिशवी गाडीत टाकून निघाले. फाटक लावून मी आत आले, तेव्हा तो ऐकू आला. बाहेरच्या खोलीत, काचेच्या टाकीतून पाइपावाटे खाली उतरणारं पाणी. चूळ भरून कुणी हळूच टाकत राहावी तसा आवाज.

जाताना थोरला चुलतभाऊ म्हणाला होता, "ती पेटी कोणाक तरी देऊन टाक गे. तुका एकटीक कित्याक ती कटकट?"

मी हो म्हटलं होतं. कुणाला द्यायची ते ना त्याला ठाऊक होतं, ना मला.

आम्ही दोघं बहीण-भाऊ, दोघंही बिनलग्नाचे. त्याचं का झालं नाही आणि माझं का राहिलं, याचा विचार आमच्यापेक्षा गावानेच जास्त केला असेल. दादा मुरगावच्या गोदीत, दुरुस्तीच्या कारखान्यात होता, जवळच वास्कोला खोली करून. मी डिचोलीला प्राथमिक शाळेत शिकवत होते. बाजारामागे एक भाड्याची खोली होती माझी. खाणी चालू होत्या त्या वर्षांत खिडकी उघडली की टेबलावर लाल धुळीचा थर बसायचा, आणि मुलांच्या वह्यांवर माझी बोटं उमटायची. दादा आणि मी चतुर्थीला हळर्णच्या घरी भेटायचो. तीन खोल्यांचं कौलारू घर, बाबांनी बांधलेलं. दोन दिवस एकत्र जेवायचं, भांडी घासून उपडी घालायची, कुलूप लावायचं, आणि आपापल्या बसला लागायचं.

निवृत्त झाल्यावर मी हळर्णला राहायला आले. पाठोपाठ दादाही आला, एका टेंपोतून. टेंपोत एक खाट, एक कपाट, आणि गोधड्यांत गुंडाळलेली ती काचेची टाकी. वास्कोच्या खोलीत त्याने अशी एक टाकी पाळली आहे, हे मला तोवर माहीतही नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या खोल्या पाहिल्याच नव्हत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"दर्या," तो म्हणाला. "थोडोसो हाडलां."

म्हणजे थोडासा समुद्र आणलाय. दादा विनोद करायचा तेव्हा त्याचा चेहरा जराही हलायचा नाही, त्यामुळे हसायचं की नाही हे मला कधीच कळलं नाही.

टाकी उभी करायला त्याला बरेच दिवस लागले. पाणी केरीच्या किनाऱ्यावरून आणायचं. शेजारी दोडामार्गकडचं एक कुटुंब राहतं. नवरा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद झाल्यावर त्याने टेंपो घेतला. त्याच्या टेंपोत कॅन भरून पाणी यायचं. नदीच्या तोंडाशी भरायचं नाही, तिथे गोडं पाणी मिसळतं. किनाऱ्यावर पुढे जाऊन, भरतीच्या वेळी भरायचं. पावसाळ्यात समुद्र गढूळ, मग पाकिटातलं मीठ कालवायचं. टाकीत तीन मासे: नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी आणि एक निळा, जो त्या जोडीला सतत हुसकत असायचा.

पण टाकी एवढीच नव्हती. खालच्या कपाटात आणखी एक टाकी होती, काचेच्या आडव्या पट्ट्यांनी तीन कप्पे केलेली. वरचं पाणी पाइपाने पहिल्या कप्प्यात यायचं. तिसऱ्यात पंप, तो पाणी पुन्हा वर ढकलायचा. मधल्या कप्प्यात समुद्री शेवाळाचा एक गुंता होता, भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखा.

"हा कप्पा कशाला?" मी विचारलं.

"त्याला रेफ्युजियम म्हणतात. आसरा." दादा गुडघ्यांवर बसला होता. "माशांची घाण शेवाळ खातं. आणि बारकी बारकी जनावरं असतात, ती इथे वाढतात. वर ठेवली तर मासे एका दिवसात फस्त करतील."

बाबांना पोर्तुगीज येत होतं. ते असते तर त्यांना हा शब्द सांगावा लागला नसता, त्या भाषेतही तो जवळपास असाच आहे.

दादाने विजेरी काचेला टेकवली. आधी मला काहीच दिसलं नाही. मग शेवाळाच्या धाग्यांवरून काहीतरी पळालं, मिठाच्या कणाएवढं. मग दुसरं. मग एवढी दिसायला लागली की मोजायचा विचारही मनात येईना. झुरळाच्या पिल्लांसारखी, पण पारदर्शक.

"बाये, हांगा पळय," म्हणत त्याने मला वाकून बघायला लावलं आणि पाइपावरची छोटी तोटी किंचित फिरवली. गुंता जरासा हलला, मग आपल्या जागीच सावकाश फिरायला लागला. "एवढंच पाणी. जास्त सोडलं तर सगळी वाहून पंपात जातात. कमी सोडलं तर तळाशी गाळ बसतो, शेवाळ कुजतं."

त्याच्याकडून मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं भाषण.

पुढची काही वर्षं अशी गेली. सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा, दादा उंडे घ्यायचा, मी चहा टाकायचे. तो माडांना पाणी घालायचा, मी वाचत बसायचे. शुक्रवारी तो म्हापशाला बाजाराला जायचा आणि माशांच्या दुकानात तासभर घालवून यायचा. संध्याकाळी जेवणं लवकर उरकायची. वरच्या टाकीचा दिवा बंद झाला की खालच्या कपाटातला लागायचा, त्याने तसं घड्याळच जोडलं होतं. मग तो खुर्चीत बसायचा, मी खाली पाटावर. तो मासे झोपताना बघायचा, मी कपाटाचं दार उघडून मधला कप्पा. बोलणं नसायचं. पण घरात दुसरं माणूस श्वास घेत असलं की खोली वेगळी असते. आयुष्यभर एकटी राहिल्यामुळे मला एकटेपणाची सवय होती. त्या संध्याकाळांनी ती मोडली, आणि मोडत असताना माझ्या ध्यानातही आलं नाही.

दादा गेला तो नवरात्रीच्या आदल्या आठवड्यात. सकाळी विहिरीवरून आला आणि पायरीवर बसला. म्हणाला, "छातीत कायसं चमकतां." शेजारच्या टेंपोतून आम्ही म्हापशाला निघालो. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. धारगळ ओलांडायच्या आधीच ते जड झालं. शेजाऱ्याला मी लगेच सांगितलं नाही. त्याला गाडी जोरात हाकू दिली.

समाचाराला बायका यायच्या. विधवा असती तर चटईवर तिची एक ठरलेली जागा असती, तिच्याभोवती बसायची रीत असती. बहिणीला तशी जागा नसते. आलेल्या बायका चहाची पूड कुठे आहे ते मलाच विचारायच्या. "आपलो भाव, काय करतलें? वय जालेलें," असं म्हणून वेलींवरच्या दोडक्यांकडे वळायच्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे या दुःखाला बोलायचे शब्दच नव्हते.

तर, टाकी मी देऊन टाकली नाही. निर्णय वगैरे काही घेतला नाही. माशांना सकाळी चिमूटभर खाणं घालायचं, उन्हाने पाणी आटेल तेवढं गोडं पाणी वर घालायचं, एवढं मला येत होतं. बाकीचं दादाच्या हातात होतं, आणि ते त्याने कधी समजावलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. तो असताना गरजच काय होती?

होळीच्या सुमाराला मला वास जाणवायला लागला. आधी वाटलं, गटाराचा आहे. मग कपाट उघडलं. मधल्या कप्प्यातलं शेवाळ फिरत नव्हतं. वरच्या बाजूला हिरवं, आणि खाली, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथे पांढुरकं, शिजलेल्या शेवयांसारखं. तळाशी बोटभर तपकिरी गाळ. पाइपातून पाणी जेमतेम थेंब थेंब पडत होतं. तोटीच्या तोंडाशी मिठाचा खडा धरला होता आणि आत कुठलीशी इवलीशी गोगलगाय अडकली होती. किती दिवस हे असं चाललं होतं कोण जाणे. मी रोज मासे बघत होते. खाली बसायचं मी सोडून दिलं होतं.

मी काडीने तोटी मोकळी केली. पांढरं झालेलं शेवाळ कातरीने कापून काढलं. मग, आता भरपूर पाणी मिळू दे म्हणून, तोटी पूर्ण उघडली. पाणी धो धो आलं. उरलेला गुंता गरगर फिरला. मला बरं वाटलं, खरं सांगते. खूप दिवसांनी घरात काहीतरी जोरात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठले तर घर गप्प होतं. पंप बंद. कुजून सैल झालेलं शेवाळ धाग्याधाग्याने सुटून काचेच्या पट्टीवरून पंपाच्या कप्प्यात गेलं होतं. वरचे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून उभे होते. कडक ऊन, हवेचा पत्ता नाही.

मी दादाची हत्यारांची पेटी काढली. पंपाचं झाकण उघडलं, आतल्या पंख्याला शेवाळ करकचून गुंडाळलेलं होतं. ओढून काढताना पंख्याची बारीक दांडी कट्‌कन मोडली.

म्हापशाच्या दुकानाचा नंबर दादाच्या फोनमध्ये होता. मी ओळख सांगताच दुकानदाराने विचारलं, "त्यांची भैण? तुम्ही टीचर ना?"

मी झालेलं सांगितलं.

"नवा पंप घेऊन मी येतो. पण गिऱ्हाईक आहे, सांज होईल. तोवर पाणी हलतं ठेवा."

"कसं?"

"बाल्दीनं, तांब्यानं, कशानंही. वरून ओतत राहा. हवा मिसळली पाहिजे पाण्यात."

मी स्टुलावर उभी राहिले आणि तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन वरून ओतायला लागले. घ्यायचं, उंच धरायचं, ओतायचं. थोड्या वेळाने दंड भरून आले. थांबले की मासे पुन्हा वर यायचे. आवाज ऐकून शेजारची वहिनी, टेंपोवाल्याची बायको, दारात येऊन उभी राहिली.

"ताईनू, ह्या काय करतास?"

मी सांगितलं. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, मासे म्हटले की तिच्या डोळ्यांसमोर कालवणाचं वाटपच येणार. तिने क्षणभर टाकीकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "उतरा तुम्ही. मी ओततंय."

आम्ही आळीपाळीने ओतत राहिलो. ती ओतताना गप्पा मारायची. तिची सासू, तिच्या मुलीच्या परीक्षा, नवऱ्याची कंबर. मधेच म्हणाली, "दादा हुते तेव्हा तुमच्या घरात दोन माणसा आसत, असा वाटायचाच नाय. इतकी शांत. आता एकच आसा तर उलटा कळता, कोणतरी कमी झाला."

मी स्टुलाच्या पायाला धरून खाली बसले होते. तिच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं, म्हणून मी तिच्या पायांकडे बघत राहिले. दादा गेल्यापासून तो कमी झाला, असं बोलून दाखवणारी ती पहिली.

निळा मासा चहाच्या वेळेला कडेला कलंडला. नारंगी जोडी तग धरून राहिली.

दिवेलागणीला दुकानदार स्कूटरवरून आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. आल्या आल्या त्याने पंप जोडला, पाणी वर चढलं, आणि वहिनी हात पुसत आपल्या घरी भाकऱ्या करायला गेली. मग तो कपाटापुढे उकिडवा बसला. उरलेलं शेवाळ मुठीत मावेल एवढंच होतं.

"टीचर, हे काढून टाकूया? दुसरे उपाय आहेत. फिल्टर घालून देतो, त्रास कमी."

"नको," मी म्हटलं. स्वतःच्या आवाजाने मीच दचकले.

तो हसला. "मला वाटलंच. तुमचो भाव दर शुक्रवारी दुकानात बसायचा, तेव्हा तुमच्याबद्दल सांगायचा. म्हणायचा, 'वरचे मासे मी बघतो, खालचं सगळं माझ्या बहिणीचं. ती तिथे बसली नाही तर मला शेवाळसुद्धा नीट दिसत नाही.'"

दादा संध्याकाळभर माशांकडे बघत असायचा, असं मी धरून चालले होते. खाली पाटावर बसलेली मी त्याच्या नजरेत होते, हे मला एका दुकानदाराने सांगितलं.

"तोटी किती ठेवायची?" मी विचारलं.

"माझं ऐकाल तर माप वगैरे काही नाही. तुम्ही फिरवा, मी बघतो."

मी फिरवली. जास्त झाली, शेवाळ पट्टीवर आपटलं. कमी केली, ते तळाशी बसलं. पुन्हा थोडी. शेवटी ते एका बाजूने वर येऊन दुसऱ्या बाजूने खाली जायला लागलं. "राहू दे," तो म्हणाला. मी दिलेला चहा कोपभर पिऊन, पंपाची मोडकी दांडी खिशात टाकून तो गेला.

त्यानंतर मी रोज तोटी पुसायची आणि आठवड्याने तळ ढवळून गाळ काढायची सवय लावून घेतली. पाऊस लागेपर्यंत शेवाळ पुन्हा डोक्याएवढं झालं. पण आषाढात वादळाने वीज गेली ती परत यायचं नाव घेईना. वहिनी आणि मी पुन्हा तांब्या घेऊन उभ्या राहिलो. या खेपेला तिला ताप होता, तरी ती आली. तिला मी घरी पाठवलं, आणि मासे ठेवायचे नाहीत हे ठरवलं. माझ्या हौसेपायी दुसऱ्या बाईने तापात स्टुलावर उभं राहायचं, हे मला पटेना.

दुकानदार येऊन नारंगी जोडी घेऊन गेला. प्लास्टिकच्या पिशवीत दोघं एकमेकांना चिकटून होते. हरमलकडच्या कुठल्याशा हॉटेलात मोठी टाकी आहे, तिथे जाणार म्हणाला. हॉटेलाचं नाव मी विचारलं नाही. नाव कळलं असतं तर मी बस पकडून गेले असते, आणि तिथल्या टेबलावर एकटीनेच काय मागवायचं?

वरची टाकीही त्याने नेली. खालची ठेवली. एक अगदी लहान पंप लावून दिला, जो पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फिरवतो, बस. वीज तासन्‌तास गेली तरी आतल्या बारीक जिवांचं काही बिघडत नाही. पाणी वरून पडत नाही, त्यामुळे आवाजही नाही. मासे गेले त्याचं वाईट वाटलं, पण तो आवाज गेला त्याचं जास्त. कितीतरी दिवस मी स्वयंपाकघरातला नळ जरा टपकता सोडत होते. मग तेही सोडून दिलं.

कुणी घरी आलं की विचारतं, "हातूंत मासे ना?" म्हणजे, यात मासे नाहीत? मी नाही म्हणते. मग ते जरा वाकून शेवाळाकडे बघतात आणि विषय बदलतात. वहिनीची मुलगी एकदा शाळेच्या प्रकल्पासाठी फोटो काढून गेली. फोटोत काहीच आलं नाही, म्हणाली. हिरवं हिरवंच दिसतंय.

शेवाळ मात्र वाढतं. जास्त झालं की काढावं लागतं, नाहीतर पाणीच फिरत नाही. डिचोलीजवळ मयेला एका जुन्या सहकारी शिक्षिकेकडे जाते तेव्हा वाटेत म्हापशाला उतरून दुकानदाराकडे ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा देते. ते शेवाळ तो इतरांना वाटतो.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. साखळी गावाहून बोलतोय, असं एका पुरुषाचा आवाज म्हणाला. तरुण नसावा. दुकानदाराने नंबर दिला होता.

"तुमचं शेवाळ माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "चार दिवस झाले, ते कडा धरून बसलंय. पाणी कमी होतंय की जास्त, ते कळत नाही."

"गाळ बसतोय का तळाशी?"

"बघतो." फोन खाली ठेवल्याचा आवाज. कुठेतरी मिक्सर चालू होता, कुणीतरी "जेवण थंड जाता" असं ओरडलं. तो परत आला. "हो, कोपऱ्यात बसलाय."

"मग जरा वाढवा. एकदम नको. आणि फोन कानाला तसाच ठेवा, मला सांगत जा काय दिसतंय ते."

तो सांगत गेला. मी डोळे मिटून ऐकत होते, थांबा म्हणत होते, आणखी थोडं म्हणत होते. शेवाळ कोपऱ्यातून सुटलं, मग कुठल्या बाजूने फिरतंय, हे त्याने सांगितलं. त्याच्या घरी कोण कोण आहे, टाकी कुठे ठेवली आहे, तेही मी विचारलं. त्याची काही गरज नव्हती. तो बिचारा सांगत राहिला. त्याची आई, दोन मुलगे, जिन्याखालची जागा.

"जेवा आता," मी म्हटलं. "हाक आली होती तुम्हाला."

"ह्या आवाजात ती तुम्हाला ऐकू आली?" तो हसला. "काकी, परत अडलं तर फोन केला तर चालेल?"

"करा," मी म्हटलं. "दुपारी मी घरीच असते. सकाळीही असते."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चुलीवरचा भात करपला होता. मी वरचा वरचा काढून घेतला आणि जेवायला बसले.